आधी ऊब, मग दूध

त्या संध्याकाळी मांजराचे ते पिल्लू माझ्या तळहातावर आले तेव्हा ते ओरडत नव्हते, आणि ते इतके शांत आहे याचे मला बरेच वाटले. डोळे जेमतेम किलकिले झालेले, कान डोक्याला चिकटलेले, शेपटी करंगळीपेक्षा आखूड. असा जीव परक्या हातात निमूट पडून राहतो म्हणजे त्याला आपला भरवसा वाटला असावा, अशी माझी समजूत झाली. आईने तोवर वाटीभर दूध कोमट करायला ठेवले होते आणि मी औषधाच्या बाटलीतला ड्रॉपर धुऊन आणला होता. पोटात चार थेंब गेले की त्याला तरतरी येईल, याबद्दल आम्हा दोघींनाही शंका नव्हती. केवळ किती द्यायचे एवढे विचारावे म्हणून मी पशुवैद्यांना फोन केला. डॉक्टरबाईंनी माझा प्रश्न पुरता ऐकून घेतला नाही. त्या म्हणाल्या, “आधी करंगळीचे टोक त्याच्या तोंडात घालून पाहा. आतून गार लागते का?” मी पाहिले. गार लागत होते. “मग दूध बाजूला ठेवा. अंग गरम होईपर्यंत एक थेंबही नको.”

कारण त्यांनी दुसऱ्या दिवशी सविस्तर सांगितले. पिल्लाच्या शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्याचे आतडे जवळजवळ थांबते. अशा वेळी पाजलेले दूध पचत नाही, पोटात तसेच पडून राहते, आंबते आणि पोट फुगवते. शिवाय गारठलेल्या पिल्लाला नीट गिळता येत नसल्यामुळे तेच दूध श्वासनलिकेतून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. म्हणजे भुकेने मरायला त्याला आणखी काही तास लागले असते, आमच्या दुधाने कदाचित तेवढेही लागले नसते. शांतपणाचा अर्थही मी उलटा लावला होता. उबदार आणि भुकेले पिल्लू घर डोक्यावर घेते. जे ओरडत नाही, त्याच्यात ओरडण्याची ताकद उरलेली नसते.

पुढच्या सहा-सात आठवड्यांत मला जे शिकावे लागले, ते बहुतेक याच जातीचे होते. माणसाच्या बाळावरून मनात घट्ट बसलेली एखादी कल्पना आधी काढून टाकायची आणि मग मांजरीण काय करते ते पाहायचे.

पिल्लू घरात कसे आले, तेही सांगायला हवे, कारण पहिली चूक तिथेच झाली. जिन्याखालच्या अडगळीत एका मांजरीने पिल्ले घातली होती. एके दिवशी ती पिल्ले तिथून गेली आणि हे एक मागे राहिले. मांजरीण पिल्लांची जागा बदलते तेव्हा ती एकेक करून मानगुटीला धरून नेते, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये बराच वेळ जाऊ शकतो. त्यामुळे एकटे दिसलेले पिल्लू टाकलेलेच असते असे नाही. हे मला माहीत होते, म्हणून मी थांबले. पण थांबले कुठे, तर अडगळीपासून चार पावलांवर, दर दहा मिनिटांनी आत डोकावत. माणूस असा पहाऱ्यावर उभा असेल तर कोणती मांजरीण परत येईल? दूर जाऊन, आडोशाला राहून काही तास पाहायला हवे होते. माणसाचा हात लागला की मांजरीण पिल्लाला टाकून देते, असे सर्रास म्हटले जाते, त्यात मात्र तथ्य नाही. पिल्लू गार झाले असेल तर ते उबेत ठेवून, आई दिसताच तिच्याजवळ परत ठेवता येते, आणि बहुतेक वेळा ती ते स्वीकारते. आईजवळ निदान आठ आठवडे, जमल्यास बारा, राहणे यापेक्षा चांगली व्यवस्था कोणत्याही प्रेमळ माणसाला करता येत नाही. दुसऱ्या दिवशीही आम्ही तिची वाट पाहिली, या वेळी खिडकीतून. ती आली नाही. तिची येण्याची वेळ मी आदल्या दिवशीच घालवली असावी, हा विचार अजून पुरता गेलेला नाही.

ऊब देण्याची रीत वरवर सोपी वाटते. पहिल्या आठवड्यात पिल्लाला थंडी वाजली तरी कुडकुडता येत नाही, कारण कुडकुडून उष्णता निर्माण करण्याची सोयच अजून शरीरात आलेली नसते. तेव्हा त्याचे तापमान साधारण ३५ ते ३७ अंश असते आणि मोठ्या मांजराच्या ३८ ते ३९ अंशांपर्यंत पोहोचायला त्याला जवळजवळ चार आठवडे लागतात. तोपर्यंत आई आणि भावंडे हीच त्याची शेगडी असते. एकटे पिल्लू हे त्या अर्थाने नुसते पोरके नसते, तर उघड्यावर पडलेले असते, मग ते घरात का असेना. मी त्याला मऊ सुती कापडात गुंडाळून कपड्यांच्या आत, पोटाशी धरले आणि त्यादरम्यान भावाने खोका तयार केला. खोक्याच्या निम्म्या भागात टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची रबरी पिशवी आणि उरलेला निम्मा भाग मोकळा. तो मोकळा भाग महत्त्वाचा आहे. फार उकडू लागले तर पिल्लाला सरपटत बाजूला जाता आले पाहिजे. गारठलेल्या पिल्लाला घाईने तापवणेही धोक्याचे असते. हेअर ड्रायरचा झोत, उघडी गरम बाटली, थेट दिव्याखाली ठेवणे, यांतले काहीही करू नये. एक ते तीन तासांत, हळूहळू, अंगात ऊब भिनली पाहिजे.

पावणेदोन तासांनी ते ओरडले. इतक्या लहान देहातून इतका कर्कश आवाज निघू शकतो हे आईला खरे वाटेना.

जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या जागेचे तापमान २९ ते ३२ अंश असावे लागते. पुढे ते दर आठवड्याला थोडे थोडे कमी करत पाचव्या आठवड्याच्या सुमारास २४ अंशांवर आणता येते. रबरी पिशवीची अडचण अशी की ती गार झाली की उलट पिल्लाच्याच अंगातली उष्णता ओढून घेते. म्हणून दर दूध पाजण्याच्या वेळी पिशवी बदलायची असा नियम आम्ही केला आणि तो वहीत लिहून ठेवला. त्या वहीबद्दल पुढे येईलच.

आता दूध. बशीतले दूध लपलप पिणारे मांजर हे चित्र आपल्या डोळ्यांसमोर इतक्या लहानपणापासून असते की त्यात काही चूक असेल असे वाटतच नाही. परंतु दहा दिवसांच्या पिल्लाला बशीतून पिता येत नाही, त्याला फक्त चोखता येते. आणि गाईचे दूध मुळातच त्याच्यासाठी नाही. गाईच्या दुधात प्रथिने साधारण ३.३ टक्के असतात, मांजरीच्या दुधात त्याच्या दुपटीहून अधिक. म्हणजे पोट भरले तरी वाढीला लागणारे पुरेसे मिळत नाही. उलट त्यातली दुग्धशर्करा न पचल्यामुळे जुलाब होतात, आणि दीडशे ग्रॅमच्या जिवाला जुलाब म्हणजे काही तासांत शरीरातले पाणी संपणे. पाणी घालून पातळ केलेले दूध तर दोन्ही बाजूंनी वाईट. मांजराच्या पिल्लांसाठी तयार केलेली दुधाची भुकटी मिळते, तीच वापरावी. तिच्यात टॉरिनही असते. हे द्रव्य मांजराचे शरीर स्वतः पुरेसे तयार करू शकत नाही आणि त्याच्या कमतरतेने पुढे डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. भुकटी आणि पाणी यांचे प्रमाण डब्यावर लिहिले असेल तेच ठेवावे. थोडे घट्ट केले तर अधिक पोषण मिळेल असा विचार माझ्या आईने बोलून दाखवला होता. घट्ट दुधाने पोट फुगते आणि मलावरोध होतो. दूध पाजताना ते मोठ्या मांजराच्या अंगाइतके, म्हणजे सुमारे ३८ अंश, कोमट असावे. मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकला तर ना गरम ना गार लागावा.

पाजण्याची पद्धत हा मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो, कारण हातून घडू शकणारी सर्वांत वाईट चूक इथे होते. आपण बाळाला कुशीत उताणे घेतो, डोके दंडावर टेकवतो आणि बाटली तोंडाला लावतो. मांजराचे पिल्लू असे उताणे धरून कधीही पाजायचे नाही. आईच्या कुशीत ते पोटावर असते, पंजे तिच्या पोटात रोवलेले आणि डोके किंचित वर. तसेच त्याला टॉवेलावर पालथे ठेवायचे, हनुवटीखाली एका बोटाचा आधार द्यायचा आणि बाटली समोरून, थोडी तिरपी, तोंडात द्यायची. मान फार वर उचलली तरी दूध चुकीच्या वाटेने जाते. बुचाला पाडलेले भोक इतकेच असावे की बाटली उलटी धरल्यावर दूध थेंब थेंब पडेल. धार लागत असेल तर ते बूच टाकून द्यावे. आणि बाटली दाबायची नाही. चोखणे हे पिल्लाचे काम आहे. ते चोखत नसेल तर त्याला काहीतरी झालेले आहे आणि दूध आत ढकलल्याने ते बरे होणार नाही.

हे सगळे डॉक्टरबाईंनी मला पहिल्याच भेटीत करून दाखवले होते, तरीही तिसऱ्या रात्री मी बाटली दाबली. पहाटेचे दोन वाजले होते, पिल्लू पिता पिता झोपत होते आणि मलाही झोप अनावर झाली होती. त्याच्या नाकातून दुधाचा बुडबुडा आला, मग दोन शिंका आणि एक बारीक खोकला. त्याचे डोके खाली करून मी नाक-तोंड पुसले, पाजणे तिथेच थांबवले आणि उरलेली रात्र त्याच्या बरगड्यांची उघडझाप पाहत काढली. सकाळी डॉक्टरबाईंनी छाती तपासली, तोंडातल्या टाळूला भोक नाही याची पुन्हा खात्री करून घेतली आणि दोन दिवस श्वासाकडे लक्ष ठेवायला सांगितले. फुप्फुसात दूध गेल्याने होणारा न्यूमोनिया लगेच दिसत नाही. श्वास जलद होणे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, पिण्याची इच्छा जाणे ही त्याची लक्षणे. आमच्या नशिबाने तसे काही झाले नाही. त्या रात्रीपासून दोनची पाळी धाकट्या भावाकडे गेली. तो जन्मजात निशाचर आहे आणि त्याच्या त्या गुणाचा घराला प्रथमच उपयोग झाला.

आता हिशेब. पिल्लाच्या पोटात दर १०० ग्रॅम वजनामागे एका वेळी साधारण ४ मिलिलिटर दूध मावते, आणि दिवसभरात त्याला दर १०० ग्रॅममागे सुमारे २० किलोकॅलरी लागतात. आमचे पिल्लू १६८ ग्रॅमचे होते. म्हणजे एका वेळी सहा ते सात मिलिलिटर, आणि दिवसाची गरज भागवायची तर अशा सहा खेपा तरी हव्याच. रात्रीची झोप मोडल्याशिवाय हे गणित सुटत नाही. पहिल्या आठवड्याचे पिल्लू असेल तर दर दोन-तीन तासांनी, दुसऱ्या आठवड्यात दर तीन-चार तासांनी आणि चौथ्या आठवड्यात पाच-सहा तासांनी पाजावे लागते. एका वेळी जास्त पाजून पुढची खेप चुकवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तो टाळावा, कारण जास्तीचे दूध जुलाबाच्या रूपाने परत येते.

वय कसे ठरवले, असे मला अनेकांनी विचारले. नाळ तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास गळते, ती नव्हती. डोळे साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत उघडतात, आणि आमच्या पिल्लाचा उजवा डोळा अर्धा, तर डावा नुसती फट होता. कान अजून पडलेले होते, हिरड्यांवर दात नव्हते. यावरून डॉक्टरबाईंनी नऊ ते अकरा दिवस असा अंदाज सांगितला. जन्मतः पिल्लू साधारण ९० ते ११० ग्रॅमचे असते आणि रोज १० ते १५ ग्रॅम वाढते, म्हणजे दहाव्या दिवशी ते दोनशेच्या आसपास असायला हवे होते. आमचे तेवढे नव्हते.

म्हणूनच वही. एरवी पीठ आणि साखर मोजणाऱ्या, एक ग्रॅमपर्यंतचा फरक दाखवणाऱ्या काट्यावर एक वाडगा ठेवून पिल्लाला रोज सकाळी, पहिल्या दुधाआधी, त्याच वेळी तोलायचे आणि आकडा लिहायचा. माझ्या मते सगळ्या साहित्यात खरी किंमत या काट्याची आहे. पिल्लू आजारी पडणार असेल तर ते ओरडून सांगत नाही, अंगाने ते आधीच इतके किरकोळ असते की डोळ्यांना फरक कळत नाही, आणि आपण प्रेमाने पाहत असल्यामुळे ते आपल्याला रोज थोडे गुटगुटीतच दिसते. आकडा खोटे बोलत नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या वहीत १६५ आला. तीन ग्रॅम कमी. आईला ते हसण्यावारी नेण्यासारखे वाटले, पण इतक्या लहान पिल्लाचे वजन दिवसभरात घटणे किंवा वाढायचे थांबणे हेच बहुधा दुखण्याचे पहिले चिन्ह असते. या वेळी कारण साधे निघाले, आम्ही रात्रीची एक खेप चुकवली होती. तिसऱ्या दिवशी १७१, चौथ्या दिवशी १८०. दर खेपेला किती दूध घेतले, लघवी झाली का, शी झाली का आणि कशी झाली, हेही त्याच वहीत लिहिले जाई. भावाच्या अक्षरातल्या पहाटेच्या नोंदी अजूनही मला लावता येत नाहीत.

शी-शूचा विषय निघालाच आहे, तर तोही संकोच न करता सांगते. तीन-साडेतीन आठवड्यांपर्यंतच्या पिल्लाला स्वतःहून लघवी किंवा शी करता येत नाही. आई जिभेने चाटते तेव्हाच ती होते, आणि ती सगळे चाटून साफ करत असल्यामुळे पिल्लांच्या जागेला वासही येत नाही. हे मला ठाऊक नव्हते. माहिती नसलेल्या घरात पिल्लू नीट दूध पिते, उबेत झोपते आणि तरीही दोन दिवसांत पोट फुगून अत्यवस्थ होते, ते यामुळे. प्रत्येक वेळी पाजण्याच्या आधी किंवा नंतर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस त्याच्या शेपटीखाली हलक्या हाताने फिरवायचा. घासायचे नाही, जीभ फिरल्यासारखे टेकवत जायचे. लघवी बहुतेक प्रत्येक वेळी होते, आणि तिचा रंग फिका असावा. गडद पिवळी झाली तर अंगात पाणी कमी पडते आहे असे समजावे. शी दिवसातून एखाद-दोनदा, पिवळसर आणि टूथपेस्टइतकी घट्ट असली की समाधान मानावे. पहिल्या रात्री कापूस पिवळा झालेला पाहून मी आणि आई ज्या आनंदाने एकमेकींकडे पाहिले, तो आनंद बाहेरच्या कोणाला समजावून सांगता येणार नाही.

अंगावर पिसवा होत्या. लहान पिल्लाच्या बाबतीत पिसवा ही खाजेपुरती गोष्ट नसते. अंगातले रक्तच इतके थोडे असते की पिसवांनी पिल्लाला रक्तक्षय होऊन ते दगावू शकते, आणि हिरड्या पांढुरक्या दिसू लागणे ही त्याची खूण आहे. दुसरीकडे, पिसवांवरची बहुतेक औषधे इतक्या लहान वयात चालत नाहीत, आणि कुत्र्यांसाठीच्या ज्या औषधांत परमेथ्रिन असते ती तर कोणत्याही वयाच्या मांजराला विषासारखी असतात. उपाय जुनाच आहे. बारीक दातांची फणी घ्यायची, फणीत आलेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडवायची, आणि हे रोज करायचे. आंघोळ शक्यतो घालू नये, कारण भिजलेले पिल्लू पाहता पाहता गारठते. घालावीच लागली तर अंगाचा थोडा थोडा भाग कोमट पाण्याने धुऊन लगेच कोरडा करावा. आणि औषधांचा विषय आहे म्हणून इथेच लिहिते. मांजराला ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही, तुकडासुद्धा, देऊ नये. मांजराचे यकृत ती निचरू शकत नाही आणि ती प्राणघातक ठरते.

तिसरा आठवडा हा सगळ्या कष्टांची भरपाई करणारा होता. डोळे पूर्ण उघडले. सुरुवातीला सगळ्याच पिल्लांचे डोळे निळे असतात आणि खरा रंग सहाव्या-सातव्या आठवड्यानंतर उतरू लागतो, त्यामुळे निळ्या डोळ्यांचे मांजर मिळाले म्हणून हरखून गेलेल्या भावाचा पुढे थोडा विरस झाला. डोळे उघडत नाहीत म्हणून बोटाने पापण्या फाकू नयेत. मात्र बंद पापणीमागे फुगवटा किंवा कडेला पू दिसला तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे. कान ताठ झाले, समोरचे बारीक दात हिरड्यांतून टोचू लागले, आणि पिल्लू चार पायांवर उभे राहून, स्वतःच्याच धाडसाने दचकून, बाजूला कलंडू लागले. दूध पिताना ते पुढचे पंजे बाटलीवर आलटून पालटून दाबत असे. आईच्या पोटातून दूध यावे म्हणून पिल्ले तिचे पोट असेच तुडवतात. बाटलीला त्याची काही गरज नव्हती, पण आम्ही ती पंजांच्या आवाक्यात धरत असू.

त्याला सतत हातात ठेवावे, असे या वयात फार वाटते. पण पहिले दोन आठवडे ते दिवसाचा नव्वद टक्के वेळ झोपेत असते आणि त्या झोपेतच वाढत असते. भेटायला आलेल्या मुलांना आम्ही खोक्यात डोकावू देत असू, उचलू देत नसू. पुढे, दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांदरम्यान, माणसांशी जुळवून घेण्याचा काळ येतो. तेव्हा रोज थोडा थोडा वेळ वेगवेगळ्या माणसांनी त्याला हाताळले, घरातले नेहमीचे आवाज त्याच्या कानी पडले, तर मोठेपणी ते बुजरे होत नाही. एकट्या वाढणाऱ्या पिल्लाची एक उणीव मात्र आम्हाला भरून काढता आली नाही. भावंडांत खेळताना जोरात चावले की समोरचे किंचाळते आणि खेळ थांबतो, त्यातून किती जोराने चावायचे हे पिल्लू शिकते. आमच्या पिल्लाला शिकवायला फक्त आम्ही होतो, आणि पाचव्या आठवड्यात त्याने बोटावर केलेला हल्ला आम्हाला इतका गोड वाटला की आम्ही बोटे पुढे करतच राहिलो. हाताशी खेळू द्यायचे नाही, हात दिसला की खेळणे पुढे करायचे, चावले की खेळ थांबवून उठून जायचे, हे डॉक्टरबाईंनी दोनदा बजावले होते. आजही रात्री पांघरुणातून बाहेर आलेल्या पायाच्या अंगठ्याची किंमत मला मोजावी लागते. शक्य असेल तर जवळपास त्याच वयाचे दुसरे पिल्लू सोबतीला आणावे, असे मी कोणालाही सुचवीन. दोघांचे काम दुप्पट होत नाही.

वाळूचा ट्रे लावणे त्या मानाने अगदीच सोपे गेले. चौथ्या आठवड्यात एक उथळ ट्रे खोक्याजवळ ठेवला, दूध पिऊन झाले की पिल्लाला त्यात उभे केले, आणि पाचव्या दिवशी त्याने स्वतःहून उकरले. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट एकच. ओलावा लागला की घट्ट गोळे होणारी वाळू या वयात वापरू नये, कारण पिल्लू प्रत्येक गोष्ट खाऊन पाहते आणि ते गोळे आतड्यात अडकू शकतात. तसाच धोका दोऱ्याचा. दोऱ्याशी खेळताना पिल्लू तो गिळते. त्याचे टोक तोंडातून किंवा शेपटीखाली दिसले तर ओढून काढायचे नाही, आतडे कापले जाऊ शकते. तसेच पिल्लाला घेऊन जायचे डॉक्टरांकडे.

दूध सोडवायला सुरुवात चौथ्या-पाचव्या आठवड्यात केली. पिल्लांसाठीचे मऊ खाद्य त्याच्या नेहमीच्या दुधात कालवून पातळ लापशीसारखे केले आणि उथळ ताटलीत ठेवले. पहिल्या दिवशी पिल्लू ताटलीत चालले, दुसऱ्या दिवशी बसले, तिसऱ्या दिवशी पंजा चाटताना त्याला चव कळली. बाटली मात्र एकदम बंद केली नाही. सातव्या आठवड्यापर्यंत झोपण्यापूर्वीची एक खेप चालू होती, आणि ती आता भुकेसाठी राहिली नसून सवयीची झाली आहे हे दोन्ही पक्षांना कळत होते.

जंतांचे औषध तिसऱ्या आठवड्यापासून, डॉक्टरांच्या सल्ल्याने, दर दोन आठवड्यांनी द्यावे लागते. गोल जंतांच्या अळ्या आईच्या दुधातूनच पिल्लाच्या पोटात येतात, त्यामुळे घराबाहेर पाऊलही न टाकलेल्या पिल्लाला जंत कसे, हा प्रश्न गैरलागू आहे. मात्रा वजनावर ठरते आणि वहीतला त्या दिवशीचा आकडा इथे थेट उपयोगी पडला. लस सहाव्या ते आठव्या आठवड्यांत सुरू होते आणि सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. एकच डोस का पुरत नाही, हे मी विचारले होते. पहिल्या दिवसाच्या चिकाच्या दुधातून पिल्लाला आईची प्रतिकारद्रव्ये मिळतात. ती अंगात असेपर्यंत तीच लसीला निष्प्रभ करतात, आणि ती नेमकी कधी संपतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणून पुन्हा पुन्हा दार ठोठावायचे. रेबीजची लस साधारण बाराव्या आठवड्यात.

पिल्लाचे नाव अखेरपर्यंत ठरले नाही. सुरुवातीला ते जगेल का याची खात्री नव्हती आणि नाव ठेवून ठेवून माया वाढवण्याची भीती वाटे, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर मी नुसते ‘पिल्लू’ लिहिले. मराठीला नपुंसकलिंग आहे याचा त्या दिवसांत फार आधार झाला. इतक्या लहान वयात नर की मादी हे ओळखणे अवघड असते. नरात शेपटीखालच्या दोन छिद्रांमधले अंतर जास्त असते एवढेच, आणि डॉक्टरबाईंनीही सहाव्या आठवड्यापर्यंत मत राखून ठेवले होते. मग त्यांनी सांगितले की हा बोका आहे. तोवर नाव पिल्लूच झाले होते आणि त्याला ते कळू लागले होते. तेव्हापासून तो पिल्लू.

आठव्या आठवड्यात, पहिल्या लसीच्या दिवशी, तो ७९० ग्रॅमचा होता. त्यानंतरही सवयीने मी रोज सकाळी काटा मांडत होते, आणि तो त्यात बसण्याऐवजी वाडगा उलटवून त्याच्या कडेशी झुंजत होता. वहीतल्या शेवटच्या नोंदीत तारीख आहे, वेळ आहे, आणि वजनाच्या रकान्यात भावाच्या अक्षरात, या खेपेस अगदी सुवाच्य, लिहिले आहे: ‘बसला नाही.’